इटलीतल्या गावजत्रेत हातचा पास्ता: साग्रा शोधण्यापासून घरी पीची वळण्यापर्यंत

मे संपत आला की इटलीतल्या लहान गावांच्या भिंतींवर, चौकातल्या खांबांवर, पेट्रोलपंपाच्या काचेवर रंगीत पोस्टरं दिसू लागतात. वर ठळक अक्षरांत एका पदार्थाचं नाव, खाली तारखा, गावाचं नाव आणि संध्याकाळी कोणता वाद्यवृंद वाजवणार ते. ही साग्रा. गावाने एखाद्या पदार्थाच्या नावाने भरवलेली जत्रा. काही गावदैवताच्या, म्हणजे तिथल्या संताच्या सणाला जोडून येतात, तर काही गेल्या पन्नास-साठ वर्षांत गावाच्या तिजोरीत चार पैसे यावेत म्हणून सुरू झाल्या आहेत. चेरी, मासे, मशरूम, रानडुकराचं मटण, कशाचीही साग्रा असते. इथे विषय हाताने वळलेल्या पास्त्याच्या साग्रांचा आहे.

रोम-फ्लॉरेन्सच्या सहलीत हे सहसा हाती लागत नाही. साग्रा शहराबाहेर असतात, त्यांची जाहिरात इटालियनमध्येच असते आणि स्वयंपाक चालतो तो फक्त त्या तीन-चार संध्याकाळी. युरोपात नोकरीशिक्षणासाठी राहणारे मराठी लोक आणि इथून स्वतःचा कार्यक्रम स्वतः आखून जाणारे, दोघांनाही ते जमण्यासारखं आहे. थोडी पूर्वतयारी मात्र लागते.

आधी साग्रा निवडा, मग मुक्काम ठरवा

लोक उलटं करतात. मुक्काम आधी आरक्षित करतात आणि मग जवळपास काय चाललंय ते शोधतात. उन्हाळ्यात काही ना काही सापडतंच, पण ते हातच्या पास्त्याचं असेल असं नाही.

मी पहिल्यांदा जाणाऱ्याला चेल्ले सुल रीगोची पीचीची साग्रा सुचवेन. तस्कनीच्या दक्षिण टोकाला, सिएना जिल्ह्यात, सान काश्यानो देई बान्यी या गावाच्या हद्दीतली ही छोटी वस्ती. साग्रा मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास भरते. पीची म्हणजे जाडजूड, हाताने एकेक वळलेली लांब शेव. पीठ, पाणी, थोडं तेल, बहुतेक घरांत अंडंही नाही. गरिबाघरचा पास्ता, म्हणूनच तो या भागात टिकला. शिवाय सान काश्यानोला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथल्याच प्राचीन स्नानगृहाच्या उत्खननात इट्रुस्कन (म्हणजे रोमनांआधी तिथे नांदलेल्या लोकांच्या) आणि रोमन काळातल्या वीसहून अधिक ब्राँझच्या मूर्ती सापडल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं आणि गाव जगाच्या बातम्यांत आलं. दिवसभर झरे, संध्याकाळी पीची असा बेत होतो.

दुसरी तऱ्हा अगदी वेगळी आहे. व्हेरोनाजवळ मिंचो नदीवर वालेज्जो नावाचं गाव आहे. तिथे जूनच्या तिसऱ्या मंगळवारी चौदाव्या शतकातल्या व्हिस्कोंती पुलावर एक किलोमीटरहून लांब टेबलं मांडतात आणि हजारो लोक एका वेळी बसून तोर्तेल्लीनी, म्हणजे आत सारण भरलेला छोटा पास्ता, खातात. पुलाला ६०० वर्षं झाली म्हणून १९९३ मध्ये हे सुरू झालं. देखणा प्रकार आहे, पण तिकीट आधी काढावं लागतं, जेवण ठरावीक असतं आणि तोर्तेल्लीनीच्या पोटात मांस असतं. मला विचाराल तर ही साग्रा कमी आणि मेजवानी जास्त. छायाचित्रांसाठी जायचं असेल तर जरूर जा.

ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे वळा. सालेर्नो जिल्ह्यातल्या डोंगराळ चिलेंतो भागात फेलित्तो गावची फुसिल्लीची साग्रा असते. बाजारातली मळसूत्री फुसिल्ली डोळ्यांसमोरून काढून टाका. इथे पिठाचा तुकडा लोखंडी काडीभोवती गुंडाळून, तळहाताखाली फिरवून, काडी ओढून काढतात आणि हातात लांब पोकळ नळी राहते. त्याच महिन्यात पुल्या प्रदेशात, चिस्तेर्नीनोजवळच्या कारान्नात ओरेक्येत्तेची साग्रा असते. ओरेक्येत्ते म्हणजे अंगठ्याने दाबून केलेल्या छोट्या वाट्या. तारीख जुळली नाही तर त्याच प्रदेशात बारी शहराच्या जुन्या वस्तीत जा. तिथे बायका घराच्या दारात पाट मांडून ओरेक्येत्ते करत बसलेल्या दिसतात.

पोस्टर वाचायला शिका

गावचा माल आणि नुसतं दुकान यातला फरक पोस्टरवरच कळतो. पहिली खूण, खाली 'प्रो लोको' लिहिलंय का. प्रो लोको म्हणजे गावातल्या स्वयंसेवकांची संस्था. इटलीतली पहिली अशी संस्था १८८१ मध्ये उत्तरेकडच्या पिएव्हे तेझीनो गावात निघाली आणि १९६२ पासून त्यांची राष्ट्रीय संघटनाही आहे. क्रीडामंडळ, चर्च, रक्तदात्यांची संघटना हेही आयोजक असू शकतात. यांपैकी कुणाचंच नाव नसेल आणि फक्त एखाद्या कंपनीचं चिन्ह असेल तर मी वाट वाकडी करणार नाही.

दुसरी खूण, पदार्थ किती. ज्या पदार्थाच्या नावाने साग्रा आहे तो दोन-तीन सॉसमध्ये, सोबत भाजलेलं मांस, कोशिंबीर, एखादं गोड, बस. जिथे पिझ्झा, बर्गर, तळलेले मासे आणि पास्ताही आहे, तिथे पास्ता पाकिटातून येण्याची शक्यता मोठी.

तिसरी खूण शब्दांत आहे. 'फात्ती आ मानो' म्हणजे हाताने केलेले. 'आर्तिजानाली' लिहिलं असेल तर ते छोट्या कारखान्यात यंत्रावरही केलेले असू शकतात. वाईट नसतात, पण त्यासाठी डोंगर चढून जायचं कारण नाही.

तारखा दरवर्षी एक-दोन दिवसांनी सरकतात. गावच्या प्रो लोकोचं समाजमाध्यमावरचं पान पाहा, निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा पाहा, आणि पाऊस आला तर काय होणार हे 'इन काझो दी प्योज्जा' या ओळीत शोधा.

पोहोचणं आणि परतणं

परतणं जास्त कठीण. चेल्ले सुल रीगोसाठी रोम-फ्लॉरेन्स मार्गावरचं क्यूझी-क्यांचानो तेर्मे हे स्टेशन सोयीचं, पण तिथून पुढे स्वतःची गाडी हवी. खेड्यांतल्या बस मुख्यतः शाळेच्या वेळांवर चालतात. रविवारी त्या जवळजवळ नसतातच आणि रात्री दहानंतर तर विचारूच नका. भाड्याने गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. चालकाने वाइनच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा आहे आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

गाडी गावाबाहेर शेतात लावायला सांगतात. मुकाट्याने तिथेच लावा. जुन्या गावाच्या वेशीवर वाहनबंदीचा कॅमेरा असला तर दंडाची नोटीस नंतर घरपोच येते. याहून चांगली युक्ती म्हणजे त्याच गावात किंवा चालत जाता येईल अशा शेतघरात रात्र काढणं. डोंगरावर रात्री हवा गार होते, म्हणून एखादा स्वेटर, डासांचं मलम, कागदी रुमाल आणि सुटे युरो जवळ ठेवा.

वेळेबद्दल एकच सांगणं: सातला पोहोचा. स्वयंपाकघर बहुधा सात-साडेसातला उघडतं आणि गावकरी साडेआठला येऊ लागतात. तेव्हा रांग एका तासावर जाते आणि हातचा पास्ता संपूही शकतो. तो आदल्या दिवसांत मोजून वळलेला असतो. संपला की यंत्र लावून आणखी काढता येत नाही.

रांग, कागद, टेबल

नवख्याचा सगळा गोंधळ इथे होतो. वेटर येऊन विचारेल म्हणून लोक टेबलावर बसून राहतात आणि कुणीच येत नाही. क्रम साधारण असा असतो:

१. प्रवेशाजवळ किंवा टेबलांवर छापील कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल असते. त्यावर सगळे पदार्थ, किंमत आणि पुढे रिकामा चौकोन. किती प्लेट हव्यात तो आकडा चौकोनात लिहायचा. बरोबरची खूण करू नका, आकडा लिहा. इटालियन लोक १ आणि ७ आपल्यापेक्षा वेगळे काढतात, म्हणून ७ च्या दांडीवर आडवी रेघ मारा.

२. टेबलांना क्रमांक आहेत का बघा. असतील तर एकाने जागा धरायची आणि दुसऱ्याने क्रमांक कागदावर लिहून रांगेत उभं राहायचं. क्रमांक नसतील तर सगळे रांगेत.

३. रांग 'कास्सा' म्हणजे गल्ल्यापाशी संपते. पैसे आधीच द्यायचे. कार्ड आता बऱ्याच ठिकाणी चालतं, पण डोंगरातल्या गावात यंत्राला नेटवर्क मिळत नाही, म्हणून रोख बाळगा. पास्त्याची प्लेट साधारण ७ ते १० युरोंना पडते. पाणीही विकतच असतं. काही ठिकाणी 'कोपेर्तो' नावाने माणशी एखाद-दोन युरो ताट-चमच्याचे लागतात.

४. मिळालेली पावती म्हणजे 'स्कोन्त्रीनो'. ती फेकू नका. कुठे ती टेबलावर ठेवायची असते आणि गावातली शाळकरी मुलं येऊन उचलून नेतात, कुठे ती घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचं असतं. पुढचा माणूस काय करतोय ते बघा आणि तेच करा.

५. बाकड्यावर अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं. 'ए लीबेरो?' म्हणजे जागा रिकामी आहे का, एवढं विचारलं की पुरे. चार खुर्च्यांवर पिशव्या ठेवून जागा अडवणं त्यांना आवडत नाही.

पास्ता कागदी किंवा विघटनशील प्लेटमध्ये येतो. त्याकडे पाहून नाक मुरडू नये. तस्कनीत सोबत येणारा पाव अळणी असतो. मीठ विसरलेलं नाही, तिकडची रीतच तशी आहे. पहिल्या फेरीत सगळं मागवू नका. नावाचा पास्ता दोन सॉसमध्ये घ्या, वाटून खा, आणि जागा उरलीच तर पुन्हा रांगेत जा. भाजलेलं मांस तुम्हाला इटलीत कुठेही मिळेल.

जेवण झालं की ताट स्वतः कचऱ्याच्या योग्य डब्यात टाका आणि गर्दी असेल तर टेबल सोडा. गप्पा मारायला चौक आहे. तिथे नऊनंतर अकॉर्डियनवर वॉल्ट्झ आणि पोल्का सुरू होतो, सत्तरीतली जोडपी सुरेख नाचतात आणि लहान मुलं त्यांच्या पायांत येतात.

शाकाहारी असाल तर

पीचीच्या बाबतीत नशीब तुमच्या बाजूने आहे. 'आल्लाल्योने' म्हणजे टोमॅटो आणि क्याना खोऱ्यातल्या 'आल्योने' नावाच्या प्रचंड लसणाचा सॉस. त्यात मांस नसतं. 'आल्ले ब्रीचोले' म्हणजे तेलात परतलेला पावाचा चुरा. यात कधी कधी अँकोव्ही नावाचा खारवलेला मासा असतो, म्हणून विचारा. 'रागू' आणि 'सूगो' मांसाचेच समजा. पुल्यात उन्हाळ्यात ओरेक्येत्ते ताज्या टोमॅटोच्या सॉसवर काचोरिकोत्ता चीज किसून देतात. सरसोंच्या पाल्याची आठवण करून देणारी चीमे दी रापा ही भाजी हिवाळ्यातली, ती ऑगस्टमध्ये कुणी आग्रहाने दिली तर ती गोठवलेली असणार.

'सोनो व्हेजेतार्यानो' (बाई असाल तर 'व्हेजेतार्याना') एवढ्यावर थांबू नका. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको, असंही म्हणा. अंडं चालत नसेल तर 'चे लुओव्हो?' म्हणजे अंडं आहे का, असं विचारा. काही घरं पीचीत एखादं अंडं घालतात आणि फेलित्तोच्या फुसिल्लीत ते असतंच. चीजबद्दल काटेकोर असाल तर पेकोरीनो आणि पार्मेज्जानो दोन्ही टाळा, कारण ती वासरा-कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. 'सेंत्सा फोर्माज्जो' म्हटलं की वरून चीज टाकत नाहीत. लसूणच चालत नसेल तर मात्र पीचीच्या साग्रेत तुमची उपासमार आहे.

वळणारे हात बघा

बऱ्याच साग्रांमध्ये दुपारी किंवा जेवणाआधी बायका लोकांसमोर पास्ता वळतात. जेवणाहून मला ही वेळ जास्त मोलाची वाटते. 'पोस्सो ग्वारदारे?' म्हणजे बघू का, असं विचारून बाजूला उभे राहा. छायाचित्र काढण्याआधीही विचारा. घरात लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, नखुल्या करणारी आजी किंवा मावशी पाहिली असेल त्याला इथलं सगळं लगेच कळेल: बोटांची तीच लय, तशाच गप्पा, आणि नवख्याने केलेला वेडावाकडा तुकडा न बोलता बाजूला सारण्याची तीच पद्धत.

नेमकं काय बघायचं? पीठ किती घट्ट आहे ते. फळी लाकडाची आहे आणि तिच्यावर कोरडं पीठ जवळजवळ नाही ते. जोर बोटांचा नसून तळहाताचा आहे ते. आणि एक हात पुढेमागे फिरत असताना दुसरा टोक धरून हलकेच ओढतोय ते. या चार गोष्टी डोक्यात बसल्या की घरी पीची जमते.

घरी पीची, चार माणसांसाठी

इटलीत वाळलेल्या पास्त्याला कायद्यानेच ड्युरम या कडक गव्हाचा रवा लागतो. १९६७ पासून हा नियम आहे. ताज्या घरगुती पास्त्याला ते बंधन नाही, आणि पीची मऊ गव्हाच्या पिठाचीच असते. नुसता मैदा मात्र शिजवल्यावर गिळगिळीत होतो, म्हणून २०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम बारीक रवा घ्या. बन्सी रवा मिळाला तर उत्तम, कारण बन्सी हा ड्युरमच. रवा मिक्सरमधून फिरवून आणखी बारीक करा. पोळीची कणीक वापरू नका, कोंड्यामुळे शेव लांबवताना तुटते. खपली गव्हाचं पीठ असेल तर ५० ग्रॅम मैद्याच्या जागी घालून बघा. इटलीत 'फार्रो' म्हणून विकतात त्यातला एक हाच गहू आहे. चव छान येते, लांबी कमी मिळते.

पिठात चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल घाला. कोमट पाणी १९० ते २०० मिली लागेल. एकदम ओतू नका. गोळा पोळीच्या कणकेहून घट्ट आणि पुरीच्या कणकेच्या जवळपास हवा. दहा मिनिटं तळहाताच्या टाचेने मळा. सुरुवातीला रवा खरखरीत लागतो, तो पाणी प्यायला की गुळगुळीत होतो. तेलाचा हात लावून, झाकून एक तास ठेवा. हा तास वाचवू नका. न मुरलेलं पीठ ओढलं की परत आखडतं.

मग गोळा एक सेंटिमीटर जाडीचा लाटा, वर तेलाचं बोट फिरवा आणि एकेक सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. एका वेळी तीन-चारच बाहेर ठेवा, बाकी ओल्या फडक्याखाली. पट्टी लाकडी पोळपाटावर घ्या. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ती फिरत नाही, नुसती घसरते. तळहात मधे ठेवून पुढेमागे फिरवत बाहेरच्या दिशेने सरका. घसरायला लागली तर हाताला पाण्याचा थेंब लावा, पीठ अजिबात नको. जाडी तीन-चार मिलिमीटर झाली की थांबा. शिजल्यावर ती आणखी फुगते. लांबी कितीही होऊ दे, जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी हवी, नाहीतर अर्धी कच्ची आणि अर्धी गळून गेलेली पीची खावी लागेल. झालेली शेव भरपूर रव्यात घोळून ताटात सैल गुंडाळून ठेवा, एकमेकींवर दाबू नका.

चौघांच्या पीचीला एकट्याने तास सहज जातो. घरातले सगळे ओट्याशी बोलवा.

सॉस आधी करून ठेवा. क्याना खोऱ्यातल्या आल्योनेची एकेक पाकळी मोठी आणि चवीला सौम्य असते, त्याला आपल्या लसणासारखा उग्र वास येत नाही. आपला लसूण तसाच्या तसा घातला तर सॉसची चटणी होते. म्हणून आठ-दहा पाकळ्या सोलून पाच मिनिटं पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या आणि पाकळ्या ठेचा. पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेलात अगदी मंद आचेवर लसूण विरघळेपर्यंत परता. तांबूस झाला तर कडवट होतो. एक सुकी लाल मिरची, चमचाभर पांढरं व्हिनेगर, मग ८०० ग्रॅम पिकलेले, साल काढून चिरलेले टोमॅटो. मीठ घालून पंचवीस मिनिटं शिजू द्या. आपल्याकडचे संकरित टोमॅटो गराला कमी आणि चवीला सपक असतात, त्यामुळे आणखी दहा मिनिटं आटवा आणि आंबट असतील तर चिमूटभर साखर टाका. वरून चीज घालायचं की नाही यावर तिकडेही वाद आहे. मी घालत नाही.

मोठ्या पातेल्यात पाच लिटर पाणी खळखळून उकळा, लिटरमागे सुमारे १० ग्रॅम मीठ घाला. पीची झटकून जास्तीचा रवा काढा आणि दोन हप्त्यांत सोडा. वर आल्या म्हणजे शिजल्या असं नाही. पाच मिनिटांनी एक तोडून चाखा, मधला पांढरा ठिपका गेलेला हवा, पण दातांना थोडा प्रतिकार हवा. बहुतेक सहा-सात मिनिटं लागतात. पाणी पूर्ण टाकू नका. वाटीभर बाजूला काढा, पीची सरळ सॉसच्या कढईत घ्या आणि ते पाणी थोडं थोडं घालत मोठ्या आचेवर एक मिनिट हलवा, म्हणजे सॉस शेवेला चिकटतो.

कच्च्या पीची उरल्या तर ताटात सुट्या पसरून आधी गोठवा आणि मग पिशवीत भरा. त्या महिनाभर टिकतात. शिजवताना वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाका आणि दोन मिनिटं जास्त द्या.